वहीतले ११ जानेवारीचे पान

सोलापूर,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मल्लिनाथ,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुला एकही पत्र नाही. मध्ये तुझा फोन आला तेव्हा 'नंतर करतो' म्हणून ठेवला आणि नंतर केलाच नाही, हे सगळे मला मान्य आहे. तू शिव्या घालणारच आहेस, तर पत्र पूर्ण वाचून एकदमच घाल. मजकूर तसा भरपूर मिळेल. माझी प्रकृती बरी आहे. किडनीचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन १.३ वरून १.५ वर जाऊन आता १.४ वर आले आहे, रक्तदाब आटोक्यात आहे आणि तुझ्या वहिनीने मला दिलेली किडनी तिच्या मूळ मालकिणीपेक्षा कमी कुरकुर करते.

आमच्या नातीला, अमृताच्या ओवीला, २२ जानेवारीला दवाखान्यात दाखल करावे लागले. २७ तारखेला ती घरी आली, आता दूध नीट पिते आणि रात्री पूर्वीसारखेच सगळ्यांना जागवते. तू मधल्या ओळी गाळून पुढे पळशील हे ठाऊक असल्याने शेवट आधी सांगून टाकला. आता मधले वाच, कारण हे पत्र मधल्यासाठीच आहे.

१९ तारखेला तिचे नाक गळू लागले. तीन महिन्यांच्या बाळाला थंडीत सर्दी व्हायचीच, असे घरातल्या सर्व अनुभवी बायकांनी एकमताने ठरवले आणि वेखंड, ओव्याची पुरचुंडी, शेगडीवरची धुरी असा शास्त्रोक्त कार्यक्रम सुरू झाला. धुरीवरून माझे आणि हिचे कडाक्याचे भांडण झाले, आणि ते मी हरलो. (पुढे डॉक्टरांनी धुरी आणि पुरचुंडीतला कापूर दोन्ही ताबडतोब बंद करायला सांगितले, त्या वेळी मी हिच्याकडे पाहिले नाही. एवढी अक्कल मला लग्नाच्या पस्तीस वर्षांत आली आहे.) २१ ला रात्री बाळ अंगावर पिईना. दोन घोट घ्यायचे, धाप लागली की तोंड सोडायचे, रडायलाही दम पुरत नव्हता. शाळेत बत्तीस वर्षे मी मुलांना लंबकाची आंदोलने मोजायला लावली; त्या रात्री घड्याळ हातात घेऊन नातीचे श्वास मोजले. मिनिटाला ६८. या वयाच्या बाळाचे श्वास पन्नाशीला पोचले तरी ते धोक्याचे मानतात. तिचे झबले वर केले तर प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांच्या खाली बोटभर खळगा पडत होता आणि नाकपुड्या फुलत होत्या. पहाटे दवाखान्यात पोचलो तेव्हा रक्तातला ऑक्सिजन ८८ होता.

डॉक्टरांनी ब्राँकिओलायटिस सांगितले, म्हणजे फुप्फुसातल्या सर्वांत बारीक श्वासनलिकांना सूज येऊन त्या चिकट स्रावाने बुजणे. मला त्यांनी नळीचे चित्र काढून दाखवले आणि मी, काय सांगू तुला, त्या अवस्थेतही मनात गणित करत बसलो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध सोळापट होतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो. पण तो नियम एखाद्या बाळाच्या छातीत उभा असलेला कधी पाहिला नव्हता. तुझ्यामाझ्या श्वासनलिकेत जेवढी सूज नुसता खोकला आणते, तेवढीच सूज तिची नळी जवळजवळ बंद करते. त्यात ही चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेली. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे मुख्यतः शेवटच्या आठवड्यांतच उतरतात, आणि तेच आठवडे हिच्या वाट्याला आले नाहीत.

उपचार म्हणावे तर काही नाही, आणि म्हणावे तर सगळेच. नाकाशी ऑक्सिजनची नळी, नाकातला स्राव वारंवार ओढून काढणे, पोटात नळी घालून त्यातून आईचे काढलेले दूध, आणि वाट पाहणे. आमचे मेव्हणे दर तासाला 'अँटिबायोटिक का देत नाहीत' असे विचारत होते. विषाणूवर त्याचा उपयोग नसतो, हे त्यांना तीन वेळा समजावले; चौथ्यांदा त्यांनी ते मलाच समजावले. मला तर वर जायची परवानगीच नव्हती. प्रत्यारोपणाच्या रोग्याने श्वसनाच्या आजाराच्या मुलांनी भरलेल्या वॉर्डात पाऊल टाकू नये, हे कोणी सांगायला नको होते. म्हणून मी पाच दिवस खाली रिक्षा स्टँडशेजारच्या बाकावर, दुहेरी मास्क लावून, तुझ्यासारखा चहा पीत बसलो.

नाकातल्या स्रावाचा नमुना पुण्याला पाठवला होता. टीव्हीवर महिनाभर एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूचा गजर चालू होता. बंगळूरच्या बाळांची बातमी आल्यापासून आमच्या गल्लीतही मास्क पुन्हा निघाले होते. तो विषाणू २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला आहे, काल चीनमध्ये जन्मलेला नाही, हे मी सर्वांना सांगत फिरत होतो. अहवालात आला तो त्याचा थोरला भाऊबंद आरएसव्ही, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिटियल व्हायरस. दोन वर्षांच्या आत जवळपास प्रत्येक मूल त्याला एकदा तरी भेटून येते. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत चिंपांझींना सर्दी झाली, तेव्हा तो प्रथम सापडला. नावातला 'सिन्सिटियल' हा शब्द मला फार आवडला. या विषाणूची लागण झालेल्या पेशी शेजारणींशी मिसळून जातात, मधल्या भिंती पडतात आणि एकच मोठी पेशी होते. आमच्या घरासारखेच, कुणाचे काय ते वेगळे करता येत नाही.

खरी गोष्ट आता येते. हे फक्त तुलाच कळेल.

ओवीचा अहवाल आल्यावर किडनीच्या डॉक्टरांनी माझीही तपासणी करायला लावली, आणि माझ्याही नाकात तोच विषाणू निघाला. घरात आकांत झाला. अमृता दवाखान्यातून फोनवर रडत होती, 'बाबा, माझ्यामुळे झालं, मी इकडे यायलाच नको होतं, आईने तुम्हाला किडनी दिली आणि मी हे दिलं.' छातीचा सीटी स्कॅन झाला, तो स्वच्छ निघाला. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मायकोफेनोलेटची मात्रा काही दिवस कमी केली. हा विषाणू फुप्फुस आणि अस्थिमज्जा बदललेल्यांना जितका छळतो तितका आपल्यासारख्या किडनी बदललेल्यांना बहुधा छळत नाही, तरी खाली फुप्फुसांत उतरला तर सोडत नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी विचारले, 'सर्दी कधीपासून?' ही शेजारी उभी होती. मी म्हटले, 'दोन दिवस.'

मल्लिनाथ, सर्दी ११ तारखेपासून होती.

७ तारखेला गड्ड्यासाठी, सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी म्हणून मेव्हण्यांचा चार वर्षांचा नातू आला होता. त्याचे नाक वाहत होते, आणि तो माझ्या मांडीवर बसून अर्धा तास जहाजाची चित्रे काढत होता. त्या दिवशी बाळाला आतल्या खोलीत ठेवले होते, दार लावून, कारण आपले नियम सगळ्यांना पाठ आहेत. नियम मांडीवर लागू करायचे मात्र मी विसरलो. चार दिवसांनी नाकात पाणी आले. ताप नाही, कारण स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला ताप येईलच असे नसते, हे तुला मी सांगावे लागत नाही. ही म्हणाली, 'खोकला कसला?' मी म्हटले, 'होम मैदानावरून चालत आलो, धूळ आहे.' गड्ड्याच्या दिवसांत सोलापुरात खोकल्याला धुळीइतके मानाचे कारण दुसरे नाही. तिने विश्वास ठेवला.

मी का लपवले, ते ऐक. पहाटे पाचला अमृता बाळाला पाजून झोपायची आणि सातपर्यंत बाळ माझ्याकडे असायचे. मास्क लावूनच, बरे का. निदान आधी तरी. पण तिला नुकतेच हसू फुटले होते. ती डोळ्यांकडे आणि तोंडाकडे आळीपाळीने पाहायची, मास्कपाशी येऊन अडायची, आणि कपाळाला आठी घालायची. एका पहाटे मी मास्क हनुवटीवर ओढला. ती आधी पाहत राहिली, मग दात नसलेले सगळे तोंड उघडून हसली. डायलिसिसच्या खुर्चीत बसून आपण दोघांनी काय काय मागितले होते ते आठवते ना? त्यात हे होते. सर्दी झाल्याचे सांगितले असते तर त्याच दिवशी बाळ काढून घेतले असते, आणि योग्यच केले असते. मी त्यानंतरही आठ पहाटा तिला घेतले.

आता माझ्यातला वकील काय म्हणतो तेही ऐक. ११ तारखेची सर्दी दुसऱ्याच कुठल्या विषाणूची असेल. थंडीत ऱ्हायनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा, काय हवे ते हिंडत असते. बाळाला दूधवाल्या मावशींकडून, लसीकरणाच्या रांगेत, कुठेही मिळाला असेल आणि तिच्याकडून मला. दोन्ही नमुन्यांतल्या विषाणूंची जनुकीय क्रमवारी जुळवून पाहिली तर काही सांगता येईल, पण ते कोण करतो? मग माझ्यातला मास्तर उठतो. निरोगी प्रौढ माणूस हा विषाणू तीन ते आठ दिवस बाहेर टाकतो, आणि आपल्यासारखे, ज्यांची प्रतिकारशक्ती टॅक्रोलिमसने मुद्दाम निजवून ठेवली आहे, ते अनेक आठवडे टाकत राहू शकतात. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत साधारण चार ते सहा दिवस जातात. ७, ११, १९. उत्तर समोर दिसत असताना 'माहिती अपुरी आहे' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी किती गुण देत असे, ते तू शाळेतल्या कुणालाही विचार.

रात्री झोप येत नाही म्हणून वाचत बसतो. १९६६ मध्ये अमेरिकेत या विषाणूची लस बाळांना देऊन पाहिली, तर लस घेतलेल्या बाळांनाच पुढे आजार अधिक जोरात झाला आणि दोन बाळे दगावली. त्या धक्क्यातून बाहेर पडून मंजूर झालेली लस यायला २०२३ उजाडले. साठीपुढच्यांसाठी, मग गर्भवतींसाठी, आणि त्याच वर्षी तिकडे बाळांना द्यायच्या तयार प्रतिपिंडाच्या इंजेक्शनलाही परवानगी मिळाली. जगाने सत्तावन्न वर्षे ज्याच्यासाठी डोके फोडले, ते मी एका मास्कने आणि एका वाक्याने टाळू शकलो असतो.

वजनकाट्याचे प्रकरण तुला आठवत असेल. डायलिसिसला येताना अंगात पाणी साठून साडेतीन किलो वजन वाढवून आलास, 'अर्धा पेला प्यायलो' म्हणालास, काटाच बिघडला म्हणून ओरडलास, आणि त्या बिचाऱ्या टेक्निशियन पोराने बोलणी खाल्ली. नंतर मला सांगितलेस की आदल्या रात्री कलिंगड खाल्ले होते, अख्खे. मी तुझ्याशी महिनाभर बोललो नाही. पलीकडच्या खुर्चीवर असूनही पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा ते नर्सकरवी कळवत होतो. मला वाटायचे, एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस दुसऱ्याला बोलणी कशी खाऊ देतो. आता अमृता रोज माझी माफी मागते. माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरून, मास्क लावून, बाळाला लांब धरून. मी 'असू दे गं' म्हणतो, आणि ते क्षमा केल्यासारखे ऐकू येते.

येत्या शुक्रवारी हुतात्मा एक्स्प्रेसने ती सासरी पुण्याला निघणार आहे. होळीपर्यंत राहणार होती. 'तुम्हाला धोका नको,' म्हणते.

तुझे चांगले चालले आहे ना? धाकट्याचे ठरले असे कळले. मुलगी लातूरची हे उत्तम, चादरी मी इथून पाठवतो. गुडघ्याचे काय ते कळव. तुझा नातू बालवाडीत जाऊ लागला असेल, तर तो घरी आला की आधी त्याचे हात साबणाने धुवायला लाव आणि मग मुका घे. हा विषाणू दाराच्या कडीवर आणि खेळण्यांवर काही तास टिकतो. फ्लूची लस घेतली नसशील तर घे. आणि खोकला झाला तर कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून स्वतःच्या मनाने काही घेऊ नकोस. मागे क्लॅरिथ्रोमायसिन घेऊन टॅक्रोलिमसची पातळी कुठे नेऊन ठेवली होतीस ते मी विसरलेलो नाही.

एक राहिले. आपली वही मी अजून रोज लिहितो. वजन, रक्तदाब, लघवी, तापमान, शेरा. ११ जानेवारीच्या शेऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिले आहे, 'नाकात पाणी, घसा खवखव'. १२ ला, 'खोकला'. १३ ला, 'खोकला, बाळ हसले'. सवयीने लिहिले गेले. लिहिताना कुणापासून काही लपवतो आहे असे वाटलेच नव्हते. मंगळवारी तपासणी आहे, आणि डॉक्टरांना वही वाचून दाखवायचे काम नेहमी अमृताची आई करते. या वेळी अमृताही येणार आहे. पान फाडता येईल, पण वही शिवलेली आहे, एक फाडले की समोरचे सैल होते. ही आत्ताच आतून विचारते आहे, मंगळवारच्या फाइलमध्ये वही ठेवू का.

ठेव म्हणालो आहे.

तुझा,
श्रीनिवास