दोन्ही पाय उजवे

पुणे, रविवार दुपार

प्रिय सुधा,

स. न. वि. वि.

सात महिने तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले आहे ती माझ्या हातून दोन्ही पाय उजवे कापले गेले म्हणून. हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या हाती पडले असते तर त्याने आधी रुग्णवाहिका बोलावली असती; तू मात्र इथवर येऊन मोठ्याने हसली असशील, आणि तो तुझा हक्कच आहे. फोनवर फोटो पाठवता आला असता, पण मग तू दात काढणारे एक चित्र पाठवून मोकळी झाली असतीस, आणि मला तर सविस्तर कबुलीजबाब द्यायचा आहे. प्रकृती ठीक आहे, गुडघा आहे तसाच आहे, आई बरी आहे.

आपला निळा रेयॉनचा जंपसूट अखेर बसण्याच्या जागी इतका विरला की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावे. आठ वर्षे मी तो अंगावेगळा केला नाही, हे तुला ठाऊकच आहे. आप्पा "गॅरेजातून आलीस का?" म्हणून विचारायचे, आणि चिपळूणच्या स्टँडवर काय प्रसंग ओढवला होता, तो मी कागदावर उतरवणार नाही. तेव्हा तोच पुन्हा शिवायचा ठरवला, तुझ्याच २०१७ च्या खाकी कागदावर आखलेल्या बेतावरून, फक्त कापड नवे. लक्ष्मी रस्त्यावर खण पाहिला आणि माझे चित्त गेले. उभा दोरा जांभळा, आडवा हिरवा, काठ लाल. चालताना रंग बदलत राहतो. पाच मीटर घेतला आणि घरी येऊन त्याच रात्री बेतायला बसले.

आता चूक कशी झाली ते ऐक, म्हणजे निदान थोडी सहानुभूती दाखवशील. रेयॉनचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच होता; घडी घालून कापड दुहेरी अंथरायचे, वर कागद ठेवायचा, कात्री एकदा चालवली की डावा-उजवा आपोआप निघतो. या खणाचा पन्हा जेमतेम ३१ इंच, कारण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मागांवर तो विणला जात आला तो चोळीसाठी. आपल्या आज्यांना त्यातून चोळी हवी होती, ढगळ पायांचा जंपसूट नव्हे. घडी घातली की साडेपंधरा इंच उरतात, आणि तुझ्या कागदावरचा मागचा पाय, म्हणजे पायाचा मागच्या बाजूचा तुकडा, रुंदीला १७ इंच. म्हणून कापड एकेरी अंथरून प्रत्येक पाय स्वतंत्र कापावा लागला, आणि दुसऱ्या वेळी कागद उलटा ठेवायचा राहिला. कापडच उलटे वापरावे, तर खणाची उलटी बाजू म्हणजे बुट्टीचे सुटे धागे आणि विटका रंग. रात्री साडेअकरा वाजता दोन मागचे पाय हातात धरून मी उभी होते, दोन्ही उजवे, आणि मला दुसरे काही नाही, तुझ्या त्या बाह्या आठवल्या.

शिवणक्लासात तू पोपटी ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उजव्या कापल्यास तेव्हा मी सगळ्यांसमोर जे हसले, त्याबद्दल तू चार दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. पाचव्या दिवशी बोललीस तेही "खडू दे" एवढेच. त्या हसण्याची माफी मी आज मागते आहे. उशीर झाला आहे, हे मान्य.

पायाचा प्रश्न तसा सुटला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी मी पायरीवर होते, आणि त्याच ताग्यात सव्वा मीटर उरला होता. खरी काळजी त्यापुढची आहे.

सगळे टीप मारून जोडले, आरशासमोर उभी राहिले, आणि दोन मिनिटे स्वतःवर फारच खूश झाले. मग खुर्चीवर बसले. खांदे खाली ओढले गेले, दोन पायांमध्ये आसन काचले, आणि मागच्या शिवणीने "कर्र" असा आवाज केला. रेयॉन स्वतःच्या वजनाने उतरतो, बसले की सैलावतो. खण तसले काही करत नाही, आहे तेवढाच राहतो. तू दर वेळी "आधी मांजरपाटावर कच्चे शिवून बघ" म्हणायचीस आणि मी दर वेळी "मांजरपाट काय मला मिरवायचे आहे?" म्हणून उडवून लावायचे. या वादात तू जिंकलीस, लिहून देते.

मग टेप काढून खांद्यापासून आसनाखालून पुन्हा खांद्यापर्यंतचे माप घेतले. कागदावर तुझ्या अक्षरात ६० लिहिले आहे. आज ते ६२ भरले. म्हणजे कागद चुकला नव्हता. मीच इतकी वर्षे त्या मापाची राहिले नव्हते आणि निळे कापड निमूटपणे सांभाळून घेत होते. पोटाचे टाके पडल्यानंतरही मी तोच घालत होते, आणि "बघ, अजून बसतो" असे तुला ऐटीत कळवतही होते. बाई म्हणायच्या ना, की शिवणीत माया, म्हणजे आत दुमडायचे जादा कापड, सोडताना हात आखडू नये. मी सर्वत्र अर्धा इंच सोडला आहे, त्यामुळे उसवूनही काही हाती लागत नाही.

उपाय एकच दिसतो. कमरेवर उसवून मध्ये पट्टी घालायची. दोन इंच रुंद कापली की अर्धा-अर्धा इंच शिवणीत जाऊन एक इंच उरतो, तो पुढेही आणि मागेही मिळाला की घेरात दोन इंच मिळतात. पट्टी कुठून आली, विचार. त्या जादा उजव्या पायातून! तुकडे जोडून का होईना, पुरली.

पण मग पुढच्या वेळेसाठी कागदही कमरेवर कापून वाढवायला हवा, आणि तिथे माझी कात्री अडते. त्या रेघेवर तू लाल पेनाने "येथे हात लावू नये, विशेषतः तू" असे लिहून ठेवले आहेस. नव्या कागदावर छापून घे, असे तू म्हणशील. दोनदा अंथरला आणि दोनदा गुंडाळून कपाटावर ठेवला. तू स्वतः येऊन ती रेघ खोडलीस तर बरे.

धाकटीला नोकरी लागल्याचे वहिनींकडून कळले, फार आनंद झाला. तिला आशीर्वाद सांग. घराच्या गळतीचे काय झाले? भावोजींना नमस्कार.

कमरपट्टी कापून, इस्त्री करून मशीनवर ठेवली आहे, अजून जोडलेली नाही. तिच्या एका कडेला लाल काठ आला आहे. तो वरच्या अंगाला ठेवू की खालच्या, एवढे उलट टपाली कळव.

तुझी,
मालू