रे चार्ल्सची सुरुवातीची वर्षं

चि. मिहिर,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं तुझ्या गाण्याचं रेकॉर्डिंग ऐकलं. ब्लूज, गॉस्पेल (कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिगीत), जॅझ सगळं त्यात आहे, पण एकेका ओळीला एकेक चिकटवल्यासारखं. रे चार्ल्स या अंध अमेरिकन गायक-पियानोवादकाची १९४९ ते १९५४ ही वर्षं क्रमाने ऐक. लोक थेट त्याच्या नंतरच्या, १९५९ च्या 'व्हॉट्ड आय से'पासून सुरू करतात आणि नुसती आरडाओरड उचलतात.

'कन्फेशन ब्लूज' (१९४९) ऐकलंस तर तोच गातोय हे ओळखणार नाहीस. पियानो-गिटार-बास असं त्रिकूट आणि गुळगुळीत आवाज. नॅट किंग कोल आणि चार्ल्स ब्राउन या त्या काळच्या गायक-पियानोवादकांची ती उघड नक्कल आहे, आणि उत्तम नक्कल आहे. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावच्या अंधशाळेत तो ब्रेल नोटेशन, म्हणजे बोटांनी वाचायची स्वरलिपी, शिकला होता. त्यात एका हाताने वाचायचं आणि दुसऱ्याने वाजवायचं, त्यामुळे दोन्ही हात एकत्र वाजवायचे तर आधी पाठांतर हवंच. पुढे बँडमधल्या प्रत्येकाचा भाग तो तोंडी सांगायचा, तो याच तयारीवर.

१९५२ मध्ये अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने त्याचा करार २,५०० डॉलरला विकत घेतला. तरी आवाज लगेच सुटला नाही. माझ्या मते खरा बदल १९५३ साली न्यू ऑर्लिन्समध्ये झाला. तिथे त्याने गिटार स्लिम या ब्लूज गायकाच्या 'द थिंग्ज दॅट आय यूज्ड टू डू'ची बांधणी केली, पियानोही वाजवला. स्लिम चर्चमधल्यासारखा मोकळ्या गळ्याने गायचा. गाणं प्रचंड चाललं.

मग त्याचं स्वतःचं 'आय गॉट अ वुमन'. १९५४ मध्ये दौऱ्यावर गाडीतल्या रेडिओवर सदर्न टोन्स या गटाचं 'इट मस्ट बी जीझस' हे गॉस्पेल लागलं होतं. त्यावरून त्याने आणि त्याच्या बँडमधल्या ट्रम्पेटवाल्या रेनाल्ड रिचर्डने हे गाणं रचलं. ध्वनिमुद्रण नोव्हेंबरमध्ये, अटलांटातल्या एका रेडिओ केंद्रावर. नीट बघ, इथे तुकडे जोडलेले नाहीत. सांगाडा अख्खा गॉस्पेलचा. शब्द तेवढे संसारी, आणि ठेका रिदम अँड ब्लूजचा. म्हणून ते एकजीव वाटतं. म्हणूनच चर्चवाले चिडले, ब्लूज गाणारा बिग बिल ब्रून्झीसुद्धा नाराज होता. सवाल-जवाबाला बायकांचे आवाज नंतर आले. त्याच्यामागे गाणाऱ्या बायकांचा संच, 'रेलेट्स', १९५८ चा. आपल्या पोवाड्यातले झीलकरी आठव.

आता तुझ्यापुरतं. आधी चार्ल्स ब्राउनची एकच ओळ घे, श्वास कुठे तोडतो तेसुद्धा तसंच्या तसं येईपर्यंत गा. मग एक गॉस्पेल गाणं घेऊन त्याचे कॉर्ड आणि ठेका अजिबात न बदलता तुझे शब्द बसव. दोन्हीकडचं थोडंथोडं घेऊ नकोस. हरकती प्रत्येक शब्दावर नकोत. रेचा गळा बहुधा ओळीच्या शेवटी फाटतो, आधीची ओळ साधी असते म्हणून तो लागतो. वरच्या सुराला माइकपासून मागे सरक. तुझ्या दुसऱ्या कडव्यात आवाज फुटलाय तो गळ्यामुळे नाही, माइकला तोंड लावल्यामुळे.

आणि गिटारची तिसरी तार उतरलेली आहे, ती आधी लाव.

तुझी,
आई