जुनी साडी ऑनलाइन घेताना आधी फॉल उलटायला सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण जवळ आला की इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत जुन्या नऊवाऱ्या, पैठण्या, इरकली विकायला येतात. मजकूर ठरलेला असतो: ‘आजीच्या पेटीतली, कंडिशन एकदम छान.’ आता ‘छान’ हे काही माप नव्हे. साडी हातात घेऊन चाचपता येत नाही, तेव्हा कुठला फोटो मागायचा हे ठाऊक असलं तर पुष्कळशी फसगत टळते.

पहिला फोटो घडीचा मागावा. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर पडून राहिलं की नेमकं तिथेच विरतं. विकणारा पदर पसरून दाखवतो, घडी दाखवत नाही. म्हणून साडी उलगडून घडीची रेघ खिडकीसमोर धरायला सांगा, उजेड कापडाच्या मागून यायला हवा. रेघेवर बारीक चिरा किंवा उजेडाचे ठिपके दिसले तर ते रेशीम संपलं असं समजा. शंका उरली तर दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा: दोन्ही हातांच्या चिमटीत दोन-तीन इंच कापड धरून आधी उभ्या धाग्याच्या आणि मग आडव्या धाग्याच्या दिशेने हलकासा ताण द्यायचा. धडधाकट रेशमाला त्याने काही होत नाही. विकणारा कचरला तर उत्तर मिळालंच. ‘रफू करून घ्या’ हा सल्ला इथे चालत नाही, कारण रफूचा धागा भोवतालच्या निरोगी विणीत अडकवावा लागतो. भोवतालचंच कापड विरलेलं असेल तर रफूच्या कडेने नवी चीर जाते. अशी साडी आतून मलमल लावून जपता येते, नेसता येत नाही.

दुसरा फोटो फॉलखालचा. खालचा काठ पायात येऊन, जमिनीवर घासून झिजतो आणि नवा फॉल ती झीज बेमालूम झाकतो. साडी जुनी आणि फॉल कोरा करकरीत असेल तर टाचेजवळ येणारी वीतभर शिवण उसवून फोटो द्यायला सांगावं. फॉल जुना असेल तर याच फोटोचा आणखी एक फायदा होतो. फॉलखालच्या कापडाला ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे मूळ रंग तिथे टिकलेला असतो. तो आणि बाहेरचा रंग एकाच चौकटीत दिसला की साडी किती विटली आहे ते कळतं. पॉलिश आणि रोल प्रेस करून आणलेल्या साडीच्या चकाकीवर तर मुळीच जाऊ नये. त्यात चढवलेली कांजी धुतली की खरं पोत उघडं पडतं.

जरीबद्दल गैरसमज फार. ‘पन्नास वर्षांची आहे, पण जरी जराही काळी पडलेली नाही, म्हणजे खरी’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा देतात, आणि चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. टेस्टेड जरीत तार तांब्याची असते. ती तांबूस-काळी पडते, ओल लागली तर हिरवट होते. अजिबात रंग न बदलणारी बहुधा प्लॅस्टिकची असते, आणि झिजल्यावर तिची चकाकी सोलून पांढरट दोरा दिसतो. म्हणून जरी कुठे खरचटली आहे तिथला जवळून घेतलेला फोटो मागवा. आत लाल किंवा पिवळं रेशीम दिसलं तर जरी खरी असण्याची शक्यता मोठी. काळवंडलेल्या जरीला आम्ही रफू करणाऱ्या दोष मानत नाही. तुटलेली जरी हा दोष. घडीवर तार मोडते, टोकं केसांसारखी वर येतात, आणि त्याला इलाज नाही. पैठणीच्या पदराची उलटी बाजूही बघावी: हातमागावर तिल्ल्यांनी, म्हणजे रंगीत धाग्यांच्या छोट्या कांड्यांनी, विणलेली नक्षी दोन्हीकडून जवळपास सारखीच दिसते, मागे लोंबते धागे किंवा धाग्यांची जाळी असेल तर ती यंत्रमागाची.

इरकल आपल्या भागात घरोघर आहे, तिचं मात्र वेगळं तपासावं लागतं. अंगाचा ताणा (उभे धागे) सुती आणि पदराचा रेशमी असतो, दोन्ही फासे घालून जोडलेले असतात. विणकर त्याला कोंडी म्हणतात. सूत आटतं तितकं रेशीम आटत नाही, म्हणून धुतलेल्या साडीला या सांध्यावर चुण्या पडतात आणि जुन्या साडीत फासे सुटू लागतात. त्या सांध्याचा फोटो काठापासून काठापर्यंत, आडवा, पूर्ण हवा. पदराचा लाल रंग अंगावर उतरला आहे का तेही तिथेच दिसतं.

डागांचं थोडक्यात. पिवळट घामाचा डाग रेशीम कुजवतो, तो नुसता रंगाचा प्रश्न नसतो. तांबूस ठिपके पिनांचे किंवा ट्रंकेच्या गंजाचे. त्या जागी पुढे भोक पडतं. वेडीवाकडी तपकिरी रेघ म्हणजे साडी पाण्यात बसली होती. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकरांना ही रेघ ओळखायला शिकवावं लागणार नाही. गाळ विणीत बसला की धुऊनही पुरता निघत नाही आणि आतून धागा कापत राहतो. डांबरगोळ्यांचा वास सावलीत वाऱ्यावर टाकून जातो, बुरशीचा हटत नाही. म्हणून ‘वास येतो का?’ एवढ्यावर न थांबता ‘कसला?’ तेही विचारा.

लांबी टेप लावून मोजलेली मागा. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. पुष्कळ नऊवाऱ्या कधीतरी कापून सहावारी झालेल्या असतात, तर काहींत मधे जोड असतो. पन्हा म्हणजे रुंदीही विचारा, ४२ इंची साडी उंच बाईला घोट्याच्या वर राहते. फोटो सकाळी सावलीतला, शेजारी पांढरा कागद ठेवून घेतलेला हवा. पिवळ्या दिव्याखाली तांबंही सोनं दिसतं.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ करावा. नियमित धंदा करणाऱ्याविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. घरातली एखादी साडी विकणाऱ्या खासगी व्यक्तीला ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होत नाहीत, तिथे चौकशी आधीच करावी लागते. आलेली साडी थेट कपाटात ठेवू नये. कसरीची शंका असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका. मटारांशेजारी पैठणी पाहून घरचे हसतील, हसू द्यावं.

विकणाऱ्यांनाही विनंती आहे. लांबी, पन्हा, फॉल जुना की नवा आणि घडीचा एक फोटो एवढं जाहिरातीतच द्यावं. विरलेली साडी विकूच नये असं आमचं म्हणणं नाही. काठ-पदर चांगले असतील तर परकर-पोलक्यासाठी तिला गिऱ्हाईक मिळतं. फक्त किंमत काठ-पदराची लावावी, नेसत्या साडीची नको.

आपल्या,
जुन्या साड्यांचं रफू व दुरुस्ती करणाऱ्या काही जणी,
गावभाग, सांगली