दाबोळीची विमानं का उडत नाहीत

टोरांटो, ३ ऑगस्ट

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ‘कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स’ या संगणकावरच्या युद्धाच्या गेममध्ये गोव्यातल्या दाबोळी विमानतळाची आठ मिग-२९के लढाऊ विमानं गस्तीला नेमलीस आणि घड्याळ पळवूनही एकही हललं नाही, असं लिहिलंस. गेम बिघडलेला नाही. बरेच जण याच पायरीवर कंटाळून तो सोडतात, म्हणून नीट लिहिते.

आधी विमानतळ निवडून एफ ६ दाब. प्रत्येक विमानापुढे त्याचं लोडआउट, म्हणजे त्यावर लादलेली शस्त्रं, आणि तयार व्हायला किती वेळ आहे ते दिसेल. ‘रिझर्व्ह’ किंवा ‘मेंटेनन्स’ लिहिलेलं विमान नुसतं कागदावर आहे, ते उडणार नाही. हवाई गस्तीला हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रंच लागतात. पण लोडआउट उगाच बदलू नकोस, प्रत्येक बदलाला तयारीचे कित्येक तास जातात.

मग एफ ११ दाबून मिशन एडिटर उघड आणि फ्लाइट साइझ, म्हणजे एका तुकडीत किती विमानं ते, बघ. तिथे ४ असेल, तयार विमानं तीनच असतील आणि ‘कमी असतील तर उडू नये’ या चौकटीत खूण असेल, तर ती तिन्ही जागेवरच बसतात. तुझी गाडी बहुधा इथेच अडली आहे. २ ठेव.

त्याखालचा एक-तृतीयांशचा नियम मात्र काढू नकोस. एक भाग गस्तीवर, एक जाण्यायेण्यात, एक तळावर. म्हणून आठऐवजी सहा विमानं दे, जोड्या बरोबर पडतात: दोन, दोन, दोन. नियम काढलास तर सगळी एकदम उडतात आणि इंधन संपत आलं की सगळी एकदम परततात. मग पुन्हा तयार होईपर्यंत समुद्र उघडा पडतो. शत्रू तेव्हाच येतो, हे मी अगदी खात्रीने सांगते.

आता क्षेत्र. कंट्रोल-इन्सर्टने नकाशावर चार रेफरन्स पॉइंट, म्हणजे कोपऱ्यांच्या खुणा, टाक, ओळीने, घड्याळाच्या दिशेने. क्रम चुकला तर चौकोनाचा डमरू होतो आणि विमानं भलतीकडे फिरतात. चौकोन दाबोळीच्या पश्चिमेला १०० सागरी मैलांवर ठेव. ४८० नॉट, म्हणजे ताशी ४८० सागरी मैल, वेगाने तिथे पोचायला साडेबारा मिनिटं लागतात. ३०० मैलांवर ठेवलास तर सदतीस मिनिटांहून जास्त, म्हणजे इंधन नुसतं जाण्यायेण्यात जळणार.

या चौकोनाला पोटात घेणारा दुसरा, मोठा चौकोन काढ आणि तो प्रॉसिक्यूशन एरिया म्हणून जोड. गस्त आतल्या भागात घालायची, पाठलाग बाहेरच्या हद्दीपर्यंत. तो नसेल आणि क्षेत्राबाहेर दिसलेल्या अनोळखी विमान-जहाजांना तपासायची परवानगी चालू असेल, तर एखादं आमिष तुझी जोडी पार लांब ओढून नेतं. रडारही बघून घे. तुझ्या संपूर्ण बाजूला, म्हणजे सगळ्या सैन्याला, दिलेला हुकूम रडार बंद ठेवायचा असेल तर मिशन तोच उचलतं. ‘फक्त गस्तक्षेत्रातच चालू’ हा पर्याय मला सगळ्यात आवडतो, कारण विमान वाटेत स्वतःचा पत्ता सांगत नाही.

हे जमलं की हल्ल्याचं मिशन घे. त्यासाठी गोवा मुक्तीच्या लढाईतलं, १९६१ चं दाबोळी कर. गेमसोबत शीतयुद्धाचा वेगळा डेटाबेस आहेच. १८ डिसेंबरला पुण्याहून भारतीय हवाई दलाची १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं आली होती. धावपट्टी फोडायची, टर्मिनलला धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता. गेममध्ये विमानतळ म्हणजे एक वस्तू नसते. धावपट्टी, टॅक्सीवे, हँगर, इंधनाच्या टाक्या सगळं सुटं असतं. अख्खा गट लक्ष्य म्हणून दिलास की बॉम्ब त्या सगळ्यांत वाटले जातात आणि धावपट्टी वापरण्याजोगी राहते. गट उघडून फक्त धावपट्टी निवड, म्हणजे तो जुना हुकूम काय होता ते हाताला कळेल.

चवथीला सावंतवाडीला जाशील तेव्हा लॅपटॉप घेऊन जा, बाबांना हे नक्की दाखव. गस्त तरीही उडाली नाही तर सेव्ह फाइल पाठव, मी इथे उघडून बघते.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी ताई