‘नो प्रॉब्लेम’ लिहिण्याआधी तारीख बघा

संपादक महोदय, नमस्कार.

तुमचा पेपर इथे ब्रिटनमध्ये नोकरी करणारी बरीच मराठी मंडळी मोबाइलवर वाचतात, म्हणून हे पत्र खास त्यांच्यासाठी. मी माझ्या कामाच्या ठिकाणी युनियनची प्रतिनिधी आहे आणि माझ्याकडे लोक येतात ते नकार मिळाला म्हणून कमी आणि उत्तरच आलं नाही म्हणून जास्त. फ्लेक्सिबल वर्किंगची रिक्वेस्ट टाकलेली असते, कुणाला दोन दिवस घरून काम हवं असतं, कुणाला मुलांच्या शाळेच्या वेळेप्रमाणे लवकर निघायचं असतं, कुणाला पाचाऐवजी चारच दिवस हवे असतात, आणि मॅनेजर म्हणतो एचआरकडे आहे, एचआर म्हणतं मॅनेजरकडे आहे, आणि हा माणूस आपला रोज इनबॉक्स उघडून बघतोय.

आता यात कायदा अगदीच आपल्या बाजूने नाही असं नाहीये. ६ एप्रिल २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये (नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे आहेत) नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ही रिक्वेस्ट करता येते, आधी २६ आठवडे नोकरी व्हावी लागायची. वर्षभरात दोनदा करता येते. आणि उत्तर द्यायची मुदत जी पूर्वी तीन महिने होती ती आता दोन महिने झालीय, त्यातच अपील केलं तर तेही बसलं पाहिजे. म्हणजे ३ मार्चला अर्ज पोचला तर २ मेच्या आत सगळं आटपायला हवं. कंपनी छोटी आहे, एचआर नाही, मॅनेजर सुट्टीवर आहे, यातलं कुठलंच कारण मुदत आपोआप वाढवत नाही.

मुदत वाढते ती फक्त तुम्ही हो म्हटलं तर. आणि आपली माणसं नेमकी इथेच गंडतात! मॅनेजर चॅटवर लिहितो, थोडा जास्त वेळ लागेल, चालेल ना? आपण लगेच ‘नो प्रॉब्लेम, टेक युअर टाइम’. भिडस्तपणा दुसरं काय, आणि वर साहेबाला वाईट वाटायला नको. पण उद्या मामला चिघळला तर कंपनी तोच मेसेज पुढे करून म्हणू शकते की मुदत वाढवायला यांनीच संमती दिली होती. म्हणून वेळ द्यायचाच असेल तर जरूर द्या, मीही बऱ्याचदा द्यायलाच सांगते, पण तारीख घालून द्या, ‘१६ मेपर्यंत थांबायला माझी हरकत नाही, त्याआधी निर्णय लेखी कळवावा’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

मुळात अर्जच नीट नसेल तर दोन महिन्यांचं घड्याळ सुरूच होत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कॉफी पिताना मॅनेजरला सांगितलं, टीम्सवर एक ओळ टाकली, हे धरत नाहीत. अर्ज लेखी हवा, त्यावर तारीख हवी, ही कायद्याखालची फ्लेक्सिबल वर्किंग रिक्वेस्ट आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं, काय बदल हवाय आणि कधीपासून, आणि आधी कधी अशी रिक्वेस्ट केली असेल तर ती कधी. ईमेलने पाठवा म्हणजे तारखेचा वाद राहत नाही. एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांना हा हक्क सहसा मिळत नाही, त्यांनी आधी आपलं काँट्रॅक्ट बघावं.

अर्ज टाकून महिनाभर काहीच हालचाल नसेल तर मी लोकांना एक साधा ईमेल करायला सांगते, रडगाणं नको, धमकी नको. अमुक तारखेला अर्ज केला, अमुक तारखेला दोन महिने पूर्ण होतायत, चर्चेसाठी मीटिंग कधी ठेवता. बस. यात मीटिंगचा उल्लेख मुद्दाम आहे, कारण आता तुमच्याशी बोलल्याशिवाय कंपनीला नकार देता येत नाही, आणि नकार द्यायचाच तर तो कायद्यात दिलेल्या आठ कारणांपैकीच हवा, जादा खर्च, दर्जावर परिणाम, काम बाकीच्यांमध्ये वाटता न येणं वगैरे. ‘एकाला दिलं की सगळेच मागतील’ हे त्या आठात नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तर लांबतं ते बहुतेक वेळा याच भीतीपायी. मीटिंग लावली की मात्र जा, सबळ कारणाशिवाय दोनदा चुकवली तर अर्ज मागे घेतला असं धरता येतं.

आणि उत्तर नाही म्हणजे परवानगी असं समजून स्वतःच शुक्रवारी घरी बसू नका हो. असं करणारे भेटतात मला, आणि मग रजेशिवाय गैरहजर म्हणून वेगळंच प्रकरण मागे लागतं.

सगळ्यात जास्त गप्प बसतात ते स्किल्ड वर्कर व्हिसावरचे. त्यांची भीती अगदी खोटी नाही, तास कमी केले की पगार कमी होतो आणि व्हिसाला पगाराची अट असते, त्यामुळे तास कमी करायचे असतील तर अर्जाआधीच नीट चौकशी करा. पण तेवढेच तास ठेवून फक्त वेळ बदलायची असेल तर विचारायला काय हरकत आहे? रिक्वेस्ट केली म्हणून नोकरीवरून काढणं किंवा त्रास देणं बेकायदेशीर आहे, व्हिसावाल्यांनाही. घरून काम हवं असेल तर कंपनीला होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला, कळवावं लागू शकतं, ते त्यांचं काम आहे, तुम्ही फक्त आठवण करा.

आता कटू भाग. दोन महिने उलटूनही काहीच नाही आलं तर ट्रायब्युनल, म्हणजे नोकरीच्या तंट्यांचं न्यायालय, आहे, पण ट्रायब्युनल तुम्हाला तो शुक्रवार मिळवून देत नाही. फार तर पुन्हा विचार करा असा आदेश आणि जास्तीत जास्त आठ आठवड्यांचा पगार, त्यातही आठवड्याच्या पगाराला कमाल मर्यादा. एवढ्यासाठी मोठ्या कंपन्या घाबरत नाहीत हे मी बघतेय, घड्याळ दिलं पण दात दिले नाहीत असं हे काम आहे. रिक्वेस्टमागचं कारण अपंगत्व किंवा दीर्घ आजार असेल तर मात्र २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टचा (भेदभावाविरुद्धच्या कायद्याचा) वेगळा आणि बराच भक्कम रस्ता आहे, तो अर्जातच लिहा.

ट्रायब्युनलला जायच्या आधी ‘एकास’ (Acas) या सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेला कळवावंच लागतं, ते समेटाचा प्रयत्न करतात, पैसे पडत नाहीत. आणि कंपनीत ग्रीव्हन्स (रीतसर तक्रार) टाकली म्हणून ट्रायब्युनलला जायची मुदत थांबत नाही, कंपनी चौकशी चालू आहे चालू आहे म्हणत राहते आणि इकडे दिवस संपतात. म्हणून ग्रीव्हन्स टाकली त्याच आठवड्यात एकासच्या हेल्पलाइनला फोन करून आपली शेवटची तारीख कुठली ते विचारून घ्या.

आपली,
एक वाचक, ब्रिटन