बाबांचे दगड अजून टाकू नकोस

प्रिय बेटा,

काल तू घाईत होतास, पेंटर आला होता, आणि मी ट्रेनमध्ये. इथे जपानमध्ये ट्रेनमध्ये फोनवर बोललं की लोक बघतात, बोलत कोणीच नाही पण बघतात, म्हणून मी आपलं हो हो करून फोन ठेवला. रात्री मात्र झोप आली नाही, म्हणून हे मोबाईलवरच लिहून राहिले. शुद्धलेखन तपासू नकोस, तुझं मी खूप तपासलं हे माहीत आहे मला.

आधी तुझी ताई आणि मी कुठे गेलो होतो ते सांगते, ओयूची जुनी दगडांची वर्तुळं बघायला. सेंदाईवरून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, मोरिओका, तिथवर सगळं कसं चकाचक, आणि तिथून पुढे हानावा लाईनची डिझेल गाडी, दोन डबे, डोंगरातून निवांत काझुनोपर्यंत. ती चुकली की पुढची कधी येईल ते विचारूच नये, ताईने टाइमटेबलचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. मग टॅक्सी. हा अकिता प्रांत, इथे अस्वलं फार, वाटेत जागोजागी अस्वलाच्या चित्राच्या पाट्या. ताईने माझ्या पर्सला घंटी बांधली, म्हणे आवाजाने अस्वल लांब राहतं. मी दिवसभर देवळातल्या गाईसारखी किणकिण करत फिरले.

तू म्हणालास ना, "आई, दगडच बघायला एवढ्या लांब?" खरं सांगू, पहिली दहा मिनिटं मला पण तेच वाटलं. ओयूला पोचलो तर मोठं गवताळ मैदान, कडेला झाडं, आणि मधोमध चक्क डांबरी रस्ता. रस्त्याच्या एका बाजूला एक दगडांचं वर्तुळ, दुसऱ्या बाजूला दुसरं. मधून एक ट्रक गेला धाडधाड. मोठ्ठे उभे खांब वगैरे काही नाही, बहुतेक दगड गुडघ्याच्याही खाली. आत जायचं नाही, कडेकडेने फिरायचं. आणि ढग. आम्ही मुद्दाम जूनमध्ये गेलो होतो, का ते पुढे सांगते, पण पावसाळा नुकता लागलेला, सूर्याचा पत्ताच नाही.

पण मग ताई माहिती वाचून दाखवायला लागली आणि मी खाली बसले गवतावर. मोठ्या वर्तुळाचं नाव मान्झा, व्यास ५२ मीटर, छोट्याचं नोनाकादो, ४४ मीटर. साधारण ४००० वर्षांपूर्वीची, जोमोन लोकांनी केलेली. हे लोक भातशेती करत नव्हते, शिकार, मासे, चेस्टनट, अक्रोड यावर जगायचे, लोखंडही नव्हतं त्यांच्याकडे, पण मातीची भांडी अशी सुंदर करायचे की दोरीचा ठसा उमटवलेल्या त्या भांड्यांवरूनच त्यांचं नाव पडलं. त्याच सुमारास आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादला वस्ती होती, म्हणजे काळ समजला ना तुला. एका वर्तुळात एकच रांग नाही, आत एक रिंगण, बाहेर एक रिंगण, आणि रिंगण म्हणजे दगडांचे छोटे छोटे गट, कोणी गोल मांडलेले, कोणी चौकोनी. त्या गटांखाली खड्डे निघालेत. माणसं पुरायचे म्हणतात. एकेक गट म्हणजे एकेक माणूस, असं मी समजून घेतलं.

आता ऐक. दगड साधे उचललेले नाहीत. निम्म्याहून जास्त दगड एकाच जातीचे, हिरवट झाक असलेले, आणि ते तिथे जवळपास मिळतच नाहीत. काही किलोमीटरवरच्या नदीच्या पात्रातून आणलेले. सरासरी वजन ३० किलोच्या आसपास, म्हणजे आपली गव्हाची मोठी गोणी धर. चाक नाही, बैल नाही, घोडा नाही. असे हजारो दगड. नदीत दुसरे दगड काय कमी असतील? पण नाही, हिरवाच पाहिजे. कोणीतरी पात्रात वाकून हा नको, तो नको करत बसलेलं असणार, आणि बाकीचे काठावर उभे राहून म्हणत असणार चला ना आता. मला कोण आठवलं ते तुला सांगायला नको.

सूर्याचं सांगायचं राहिलं. दोन्ही वर्तुळांत एकेक खास रचना आहे, मधे उभा दगड आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे लांबट दगड. तिला सूर्यघड्याळ म्हणतात, म्हणजे आता म्हणतात, वेळ बघायला ते नसावंच. तर दोन वर्तुळांचे दोन मध्य आणि ही दोन घड्याळं, चारही एका रेषेत येतात आणि ती रेषा जाते २१ जूनच्या सूर्यास्ताकडे. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं बेटा, पण चार बिंदू एका रेषेत म्हटलं की मांडणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी होतं. मी नोनाकादोपाशी उभी राहून मान्झाच्या दिशेने बघत बसले, ढग तर ढग. ताई म्हणे आई सूर्य नाही दिसणार. म्हटलं दिशा तर दिसते.

तिथल्या म्युझियममध्ये एक वस्तू तर माझ्यासाठीच ठेवली होती असं वाटलं. मातीची छोटी पाटी, माणसाच्या आकाराची, बोटाएवढी. तोंडाला एक भोक, डोळ्यांना दोन, एका छातीवर तीन, दुसरीवर चार, मधल्या रेषेत पाच, आणि पाठीमागे कानांजवळ तीन आणि तीन, सहा! ४००० वर्षांपूर्वी कोणीतरी आकडे मोजून राहिलं होतं किंवा पोरांना शिकवून राहिलं होतं. मी काचेला नाक लावून दोनदा मोजलं. ताईला लाज वाटली.

आणि हे सगळं सापडलं १९३१ मध्ये. त्याआधी शेकडो वर्षं राखेखाली होतं, जवळच्या तोवादा ज्वालामुखीचा ९१५ साली मोठा स्फोट झाला त्याची राख. वर लोक शेती करत होते, खाली कोणाचं काय आहे माहीतच नाही. २०२१ मध्ये उत्तर जपानच्या १७ जोमोन ठिकाणांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

तुला आपल्या नागपूरजवळचं जुनापाणी आठवतं? काटोल रोडने गेलो होतो आपण, तू सातवीत असशील, बाबा दगडांवरचे वाटीसारखे खड्डे दाखवत होते आणि तू एका दगडावर बसून चिवडा संपवलास. तिथे पण अशी ३०० च्या आसपास वर्तुळं आहेत, १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने काही खोदून पाहिली होती. पण ती लोखंडयुगातली, ओयूपेक्षा हजारेक वर्षं तरी अलीकडची, काही नातं नाही. फॅमिली ग्रुपवर "जपानी लोक मूळचे विदर्भातले" असं काही टाकू नकोस, तुझे काका लगेच फॉरवर्ड करतील.

जेवण म्हणून किरितांपो खाल्लं, शिजवलेला भात ठेचून काडीला लपेटून निखाऱ्यावर शेकतात, वरून मिसो, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली चटणी. पानग्यांची आठवण आली, फक्त गव्हाऐवजी भात. तूप असतं तर मजा आली असती.

तर मुद्दा. काल तू विचारलंस, हॉलच्या खिडकीतले बाबांचे दगड टाकून देऊ का, रंग द्यायचा आहे, आणि मी हो म्हटलं. टाकू नकोस. कन्हानचे आहेत, पेंचचे आहेत, एक पचमढीचा आहे, ट्रिपला गेलं की गाडीत सगळे बसलेले आणि हे पात्रात वाकलेले, तेव्हा मी किती चिडायचे तू पाहिलंयस. कोणता कुठला ते मला अर्ध्यांचं माहीत आहे, उरलेल्यांचं कदाचित तुला असेल. तो चपटा लालसर तू दिला होतास ना त्यांना, रामटेकला?

मी इथून एकही आणला नाही, तिथला दगड उचलायचाच नसतो, आणि पर्समध्ये आधीच ती घंटी.

पेंटरला सांग खिडकी शेवटी कर. दगड सध्या पोह्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात ठेव, ज्याचं झाकण लागत नाही तो. मी २८ ला रात्री येते, घ्यायला येशील ना?

तुझी आई