छर्रे बदलून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

रविवारी ३०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या मुदतीत पुरी करायची सायकलची लांब फेरी, पूर्ण झाली. मुदत २० तासांची असते, मी ४० मिनिटं राखून पोचलो. दुकानात येऊन सांगणारच आहे, पण समोर आलो की तुम्ही "बसा, चहा घ्या" म्हणत विषय बदलाल. म्हणून आधी लिहितो, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहितो.

पावसाळा संपता संपता मागच्या चाकातून दळल्यासारखी खरखर यायला लागली. तेव्हा मी आधी तुमच्याकडे आलो नाही, काचेच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे चाक न उघडताच निकाल लागला: हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, गेला. सिरॅमिक बेअरिंगचे, म्हणजे स्टीलऐवजी चिनीमातीच्या जातीच्या कडक पदार्थाचे छर्रे असलेले, हब घ्या, सोबत बॉटम ब्रॅकेटही, म्हणजे पेडलच्या दांड्याचं बेअरिंगही, बदला, सगळे मिळून ३८ हजार, पायांची दहा वॅट ताकद वाचेल. स्टँडवर टांगलेलं एक चाक फिरवून दाखवलं, ते थांबेचना. ब्रेव्हे तीन आठवड्यांवर आली होती. मी आगाऊ रक्कम देण्याच्या बेतात होतो, एवढा घाबरलो होतो. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला महागातली वस्तू दाखवणं मला आजही माफ करता येत नाही.

तुम्ही काय केलंत? चाक स्टुलावर आडवं ठेवलंत आणि ॲक्सलचं, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचं, टोक माझ्या बोटांत दिलंत. "डोळे मिटा आणि सावकाश फिरवा." फिरवलं. दर फेऱ्याला एकाच जागी बारीक अडकत होतं, भातात खडा लागावा तसं. "हा एका बाजूचा कोन. कटोरी बरी असणार, उघडून बघू." कोन म्हणजे ॲक्सलवरचा निमुळता नट, कटोरी म्हणजे हबातली वाटी, आणि छर्रे या दोघांच्या मधून पळतात.

उघडलं तर ग्रीसचा चहाच्या रंगाचा चिखल झालेला. दोन सुती (पाव इंची) १८ छर्रे, नऊ या बाजूचे, नऊ त्या बाजूचे, रॉकेलच्या वाटीत पडले. कोन तुम्ही दिव्याखाली धरलात, त्यावरचा खड्डा मला नखानं चाचपायला लावलात. कटोऱ्या खरंच गुळगुळीत होत्या. कटोरी गेली तर हब जातो, कोन गेला तर फक्त कोन, हे मला त्या दिवशी कळलं. डब्यातून जोडीचा कोन शोधलात, छर्रे नवे घातलेत, ग्रीस भरलंत. क्विक रिलीज, म्हणजे चाक फ्रेमला घट्ट धरणारी कळ, आवळला की कोन किंचित दाबला जातो, म्हणून आधी केसभर ढिला ठेवायचा, हेही सांगितलंत. आणि मग पुन्हा ॲक्सल माझ्या बोटांत. "आता मिटा डोळे."

काका, त्या दुसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नऊ वर्षं सायकल चालवतोय, पण माझ्याच चाकाच्या आत काय चाललंय ते माझ्या हाताला कुणी कधी दाखवलं नव्हतं. सगळ्यांनी ते फक्त सांगितलं होतं.

मी भोसरीच्या कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावर, असतो हे कळल्यावर तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडे सिरॅमिक कुठे लागतं?" मी म्हणालो, स्पिंडलला, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्याला, मिनिटाला १२ हजार फेरे. "आणि या चाकाला?" तिथेच आकडेमोड केली. ताशी ३० किलोमीटरनं गेलो तरी मिनिटाला २४० फेरेसुद्धा होत नाहीत.

मग घरी बसून नीट विचार केला. सिरॅमिकचा छर्रा स्टीलपेक्षा कडक, वजनाला निम्म्याहून कमी, गंजत नाही, हे सगळं खरं. पण अशा बहुतेक बेअरिंगांत तो पळतो ती कडी स्टीलचीच असते, आणि पाणी शिरलं की ती गंजते. चांगल्या, स्वच्छ बेअरिंगमध्ये मुळात एखाद-दोन वॅटच खर्च होतात, मग दहा वाचणार कुठून? ताकद खातात तो वारा, टायर आणि चढ. टांगलेल्या चाकावर माणसाचं वजन नसतं. ते किती वेळ फिरतं यावरून सील आणि ग्रीसची ओढ कळते, रस्त्यावरचं काही कळत नाही. ज्याला दर पावसाळ्यानंतर हब उघडून साफ करून ग्रीस भरायचं नाही त्यानं साध्या सीलबंद बेअरिंगचा हब घ्यावा, हेही तुम्हीच म्हणालात, आणि तेही विकायला म्हणून नाही.

तुमचं बिल झालं साडेचारशे. जुने छर्रे कागदाच्या पुडीत बांधून परत दिलेत. मला आमच्या गावचा शिंपी आठवला, उरलेल्या कापडाची पिशवी शिवून द्यायचा. आमचे औषधवालेही तसेच, अख्खी पट्टी मागितली तर "चारच गोळ्या पुरतील" म्हणणारे. "हे तुम्हाला नको" असं गल्ल्यावर बसून म्हणायला किती धीर लागतो! घरभाडं त्यांनाही भरायचं असतं, तुम्हालाही.

रविवारी साताऱ्याच्या पलीकडे, उंब्रजच्या पुढून वळलो. परतीला सुरूरच्या अलीकडे रात्रीचे साडेआठ झाले होते, पाय भरून आले होते. दोन ट्रकांच्या मध्ये क्षणभर रस्ता शांत झाला आणि मी मागच्या चाकाकडे कान दिला. टायरचा आवाज, चेनचा आवाज. बाकी काही नाही. तिथून पुण्यापर्यंत मी चाकाचा विचारच केला नाही.

पुढच्या चाकात अजून जुनेच छर्रे आहेत, दीड सुती (तीन-सोळांश इंची) २०. येत्या रविवारी घेऊन येतो. या वेळी कोन मी बसवतो, तुम्ही डोळे मिटून तपासा.

तुमचा,
मागच्या चाकाची खरखर घेऊन आलेला